उजवीकडून तिसरा

हायकानुश आजी दारातच बूट झटकत उभी राहिली.
ग्युम्रीत मार्च अर्धा सरला तरी बर्फ असतो
आणि माझा हीटर एकाच बाजूनं तापतो.
पिशवीतून तिनं फोटो काढला,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, मासळी गुंडाळतात तसा.
‘हा,’ म्हणाली. बोट लावलं नाही,
हनुवटीनं दाखवलं.
‘उजवीकडून तिसरा. हा नको.’

माझं काम बहुधा उलटं असतं.
भूकंपातून उरलेलं गाव हे.
लोक पासपोर्टएवढे चेहरे घेऊन येतात,
म्हणतात, हिला लग्नात उभी कर,
ह्याला नातवाशेजारी बसव.
मेलेल्यांना किती कोट चढवले मी, किती टाय बांधले.
जिवंत माणूस काढून टाक म्हणणारी
ह्या हिवाळ्यात ही दुसरीच.

‘जावई. रोस्तोवला गेला, बांधकामावर.
तीन वर्षं पैसे आले.
मग नुसते फोन.
मग एक फोन दुसऱ्याच बाईनं उचलला.’
एवढं सांगून ती हीटरच्या तापत्या बाजूला सरकली.

माणूस काढणं सोपं.
अवघड असतं ते त्याच्या पाठीमागचं.
तो उभा होता तिथं काय होतं
हे कॅमेऱ्यालाही ठाऊक नसतं.
विचारलं, तर आजी आठवू लागली:
जर्दाळूचं झाड. नाही,
झाड त्यानंच तोडलं होतं आदल्या थंडीत, सरपणाला.
कोंबड्यांची जाळी? तीही त्यानंच बांधलेली, पण नंतर.
शेवटी म्हणाली, ‘भिंत घाल.
भिंतीला कुणी काही विचारत नाही.’

घातली भिंत,
डावीकडचे काळे दगड एकेक उचलून.
झारुहीच्या खांद्यावर त्याची चार बोटं होती,
ती शालीच्या नक्षीत जिरवली.
टेबलावरच्या समोवारात तो पुन्हा सापडला,
वाकडा, अंगठ्याएवढा, दात दाखवत.
तिथूनही पुसला.
डाव्या टोकाला आजीचा नवरा, ओनिक,
जावयाच्या कसल्याशा बोलण्यावर खदखदून हसतोय;
आता तो भिंतीकडे बघून हसतो.
‘राहू दे,’ आजी म्हणाली, ‘तो तसाच होता.’

राहिली नाझेली.
सगळ्यांच्या पुढे, तीन वर्षांची, लाल बुटांत,
हात वर धरलेला,
मुठीत बापाची तर्जनी.
मनगटापर्यंतचा हात मी उतरवला, पंजाही उतरवला.
पण बोट काढायचं तर मूठ उघडावी लागणार,
आणि उघडी मूठ म्हणजे
पोरीचा हात मी माझ्या मनानं नवा करणार.
आजीनं चष्मा पुसला, पडद्याजवळ आली.
‘झाकलेलीच असू दे.’

छापून हातात दिला तेव्हा तिनं उजवीकडून मोजलं.
एक. दोन.
तिसरी आता ती स्वतःच होती.
काही बोलली नाही. तीन हजार द्राम मोजून दिले,
नातीला म्हणाली, बस इथं, मी पाव घेऊन आले,
आणि रस्ता ओलांडून गेली.

नात इतका वेळ हीटरच्या गार बाजूला होती.
नऊ-दहा वर्षांची; बूट आता काळे.
‘काढलेला माणूस कुठे जातो?’

खोटं बोलता आलं असतं.
पण मी तो थर उघडून दाखवला:
पांढऱ्यावर एकटाच उभा,
एक हात कुणाच्याच खांद्यावर नाही,
दुसऱ्या पंजाला एक बोट कमी.
हसू मात्र तेच, समोवारातलं.

बराच वेळ पाहिलं तिनं.
मग दोन बोटांत माप धरून विचारलं, ‘एवढा छापता येईल?’
तेवढाच छापला. ओला होता अजून,
तरी तिनं तो मोज्यात सरकवला,
बूट चढवला, पाय आपटून पाहिला.

‘पण ह्याचं बोट कुठाय?’

मी तोंड उघडणार
तोच दारावरची घंटा वाजली,
आणि गरम पावाचा वास आत आला.