अडीच फूट

निपानियात, आमच्या कॉलनीच्या मागच्या भिंतीपाशी उभं राहिलं
की शाळेतली प्रार्थना ऐकू येते,
प्रार्थनेआधी माइकमध्ये खोकणारे सरसुद्धा.
पण त्या शाळेत जायचं तर
मेन गेट, सर्व्हिस रोड, उलटे येणारे डंपर,
पंपासमोरचा यू-टर्न:
दोन किलोमीटर तीनशे मीटर.
मोजलंय मी.
निगमाचं जुनं मापचाक आहे माझ्याकडे,
निवृत्तीच्या दिवशी परत करायचं राहून गेलं.

बत्तीस वर्षं नकाशे गिरवले.
ट्रेसिंग पेपरवर दोन समांतर रेघा म्हणजे रस्ता.
रुंदी लिहायची, बारा मीटर, अठरा, चोवीस.
त्या दोन रेघांच्या मध्ये
कुणी चालत असेल असं
साहेबांनी सांगितलं नाही
आणि मलाही सुचलं नाही, हे लपवून काय करू.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हटलं,
भिंतीत एक दार पाडू या.
अडीच फूट. स्कूटर शिरणार नाही,
पाठीवर दप्तर असलेलं पोर तेवढं जाईल.
राठी म्हणाले, चोर येतील.
कुणी म्हणालं, एका गाडीचं पार्किंग जाईल.
दाराशी उभा भेरूलाल चौकीदार हळूच म्हणाला,
"पैदल आया चोर तो मैंने आज तक नी देखा, मैडम."
हशा झाला. हशात एक महिन्याची मुदत मिळाली.

शहाऐंशी विटा निघाल्या.
परत लावाव्या लागतील म्हणून
मोजून, बाजूला रचून ठेवल्या.

दार मी मुलांसाठी आखलं होतं.
त्यातून पहिली आली धापूबाई,
पहाटे पावणेसहाला, शाळेमागच्या वस्तीतून.
अकरा वर्षं ती हायवेनं वळसा घालून
आमची भांडी घासायला येत होती.
उंबरा नसलेल्या त्या दारात थांबली,
चप्पल काढून हातात घेतली.
म्हटलं, घाला हो, रस्ता आहे हा.
तिनं मागे बघितलं, पुढे बघितलं.
"रस्तो हे? तो गाड़ी कां हे?"

त्यानंतर चालती बस सुरू केली.
जाड सुती दोरी, हात-हातभर अंतरावर गाठी,
एका गाठीला एक मूल.
पुढे मी, शेवटच्या गाठीला धापूबाई.
पहिला थांबा बदामाखाली, दुसरा ट्रान्सफॉर्मरपाशी,
सात दहाला सुटते, कुणासाठी थांबत नाही
(तन्वेषच्या बुटाच्या नाडीसाठी थांबते).
हॉर्नचं काम अद्वयकडे. तो गरज नसतानाही वाजतो.
भिंतीपलीकडे दोनशे दहा पावलं.
मापचाक म्हणतं एकशे पाच मीटर.

निगमाला अर्जही केलाय.
दोनशे पावलांवर एक बाक द्या,
गुडघ्यांचं वेळापत्रक वेगळं असतं.
बायपासपर्यंत छोटी ई-बस द्या, दर दहा मिनिटांनी,
आणि तिच्या थांब्यापर्यंत सावली.
झाडं लावा, कडुनिंब चालेल,
फुटपाथ असा करा की त्यावर
फुटपाथच असेल, जनरेटर नसेल.
आवक क्रमांक मिळाला आहे.
पावतीवर शिक्का इतका फिका
की तारीख आपणच समजून घ्यायची.

उद्या महिना संपतो.
काल संध्याकाळी राठी दारातून आले,
हातात दुधाची पिशवी,
मला बघून भिंतीचं प्लास्टर तपासायला लागले.
मी काही बोलले नाही.

आज मीटिंगच्या तयारीला म्हणून विटा मोजल्या.
एकसष्ट.
पुन्हा मोजल्या. एकसष्टच.
दोनांवर भेरूलाल बसतो, ते माहीत होतं.
बाकीच्या सापडल्या पलीकडे,
टँकर गळून जिथे कायमचा चिखल असतो तिथे,
एकीपुढे एक मांडलेल्या.
कुणी मांडल्या, कुणी सांगत नाही.
अंतर सात वर्षांच्या पायाचं आहे.
त्यांच्यावरून जाताना
मला पावलं लहान टाकावी लागली.