ढाळ

आर्वी डेपोतून कंडक्टर म्हणून सुटलो
आणि फंडाच्या पैशातून मागची पडवी पाडली.
तिथं नवा सैपाक, लागून न्हाणी,
खाली पांढऱ्या टाइल्स, कडेनं निळी पट्टी.
रत्नमाला म्हणाली, निळी नको. मी म्हटलं, असू दे.

होळी झाली आणि पाणी उलटं फिरलं.
नालीकडं जायचं सोडून
उंबऱ्याच्या फटीतून आत आलं,
पिठाच्या डब्याला वळसा घालून
ओट्याखाली जाऊन बसलं, घरच्यासारखं.
वर भिंतीत भेग. सुरुवातीला केसाएवढी,
मग आठाण्याचं नाणं उभं जाईल एवढी.

वसंता काळमेघाला फोन लावला.
'ढाळ बरोबर हाये भाऊ, लेवल लावून देल्ला म्या.'
'मंग पानी काय माह्यावर रुसलं?'
'तुमीच जास्त सांडता.'
अठरा हजार राहिले होते त्याचे.
मी म्हटलं, छदाम देत नाही.

त्यानंतर दोन महिने
एकाच पानठेल्यावर आम्ही पाठीला पाठ लावून उभे.
तो खर्रा घोटायचा, मी रस्ता पाहायचो.
आमच्या न्हाणीचं दार त्याच्या अंगणात राहिलं,
बाजेवर आडवं;
त्यावर त्याच्या बायकोनं मुगवड्या वाळत घातल्या.
ते मला तीन जणांनी येऊन सांगितलं.

माझ्याकडं वही होती.
बत्तीस वर्षं सुट्ट्या पैशांचा हिशेब दिलेला माणूस मी.
सिमेंट किती पोती, रेती किती ट्रॉल्या,
मजुरांचा चहा किती कप, तोसुद्धा.
वही काखेत मारून तंटामुक्तीच्या बैठकीला निघालो
तर फाटकात सुगंधा उईके उभी.
खांद्यावर कुदळ.

'बावीस रोज भरले म्या. आठ हजार आठशे.
तुमी त्याले देत नाई, तो मले देत नाई.
तुमच्या भांडनात माहं काय अडकवून ठेवलं?'
मी वही उघडू लागलो.
'राहू द्या ते. ह्या घराची माती म्या डोक्यावर वाहली.
मले तं कोनी इचारलंच नाई.'

पदर खोचून ती भेगेपाशी खणायला लागली.
घोटाभर. गुडघाभर. काळी माती,
उन्हानं फाटलेली, ढेकळं दगडासारखी.
गलका ऐकून वसंताही आला, लांब उभा राहिला.
तीन फुटांवर पाया दिसला,
काळीवरच बसलेला.

'मुरूम लागला नव्हता. म्या तवाच म्हटलं.
हे म्हणे, मालकाले इचार.
मालक म्हणे, पुरे, आनखी किती पैसे मातीत घालू.'

वहीचं पान मला पाठच होतं.
खोदाई तीन फूट. वाचले साडेसहा हजार.
खाली माझ्याच हाताच्या दोन रेघा, कौतुकाच्या.

कोणी काही बोललं नाही.
रत्नमाला आत गेली, भांडी वाजली.
मग वसंता पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडत म्हणाला,
'म्याबी जोर नाई लावला. दुसरं काम लागलं व्हतं,
तिकडं जीव व्हता.'

समितीपुढं आम्ही गेलोच नाही.
सुगंधाचे पैसे आधी, अठरातून, माझ्या हातानं.
तिनं उन्हात धरून एकेक नोट पाहिली,
दोन परत केल्या. 'ह्या फाटक्या हायेत.'
आयुष्यभर अशाच नोटा मी
घाईतल्या प्रवाशांच्या हातावर ठेवल्या होत्या.
बदलून दिल्या.
बाकीचं ठरलं ते असं: भिंतीखाली हात-हातभर तुकड्यानं खणायचं,
मुरूम लागेपर्यंत; मजुरी त्याची, माल माझा,
उरलेली रक्कम पुढच्या होळीनंतर,
भेग पुन्हा आली नाही तर.
रोज मात्र सुगंधाचा त्याच संध्याकाळी. ही अट तिची.

साडेपाच फुटांवर मुरूम लागला.
तिनं हाक मारली, तसे आम्ही दोघं खड्ड्यावर वाकलो,
डोक्याला डोकं आपटलं.
पिवळा, भुरभुरीत, तिच्या तळहातावर.
'पाहा,' म्हणाली, 'हा हाये.'

दार घरी आलं. त्यावर मुगवड्यांचे गोल डाग,
रंग दिला तरी दिसतात.
न्हाणीत रोज एक तांब्या ओतून पाहतो.
पाणी निळ्या पट्टीपाशी थबकतं,
थोडा विचार करतं, मग नालीकडं निघतं.
रत्नमाला म्हणते, निळी नकोच होती.