चतुःसीमा

शुक्रवारी पंधरा ऑगस्ट, शनिवारी गोपाळकाला,
रविवार तर आपलाच.
तबस्सुमनं कॅलेंडरवरचे तीन चौकोन पेन्सिलीनं जोडले
आणि म्हणाली, क्या बोलती बाई, जाना क्या ग्रीसकू?
औशाच्या भूमी अभिलेख कार्यालयात
दीड वाजलेला, लाइट गेलेली,
डब्यात धपाटे, शेंगांची चटणी,
आणि मोबाइलमध्ये आठ टक्के चार्जवर
उरलेलं एक बेट.

आमोर्गोस.
ती म्हणते अमरगोस,
जणू लामजन्याच्या पुढं डावीकडचा फाटा.

मी बेट बोटांनी मोठं केलं.
एकोणीस वर्षं जमिनी मोजतेय,
नकाशा दिसला की आधी हद्दी बघते, मग झाडं.
पूर्वेस समुद्र.
पश्चिमेस समुद्र.
दक्षिणेस, उत्तरेस, तोच.
असली चतुःसीमा एकाही खरेदीखतात वाचली नाही मी.
भावकीचा बांध नाही, गाडीवाट नाही,
सामाईक विहिरीत चार आणे हिस्सा नाही.
लगतधारक : समुद्र.
नोटीस घेण्यास नकार,
सबब पंचांसमक्ष खडकावर डकवली.
तबस्सुमला हसता हसता ठसका लागला,
चटणी नाकात गेली,
मी पाठ चोळत राहिले तिची.

मग हिशोब.
गुरुवारी रात्री साडेनऊची ट्रॅव्हल्स, पहाटे हैदराबाद,
तिथून दोहा, दोहाहून अथेन्स,
रात्र बंदरावर बाकड्यावर, सकाळी जहाज, आठ तास.
मोजणी फीच्या चलनामागं बेरीज मांडली.
शनिवारी दुपारी तीनला बेट.
आणि सोमवारी पावणेदहाला
इथं सही करायची तर
परतीचं जहाज पाचला.

दोन तास.
दोन तासांत धड एक गट मोजून होत नाही,
निम्मा वेळ बांधावरची भांडणं ऐकण्यात जातो.
दो घंटे बहोत होते बाई, तबस्सुम म्हणाली,
आणि वाटून टाकले तिनं ते,
जसे सरपंचासमोर हिस्से वाटतात :
अर्धा तास पाण्यात पाय,
दहा मिनिटं फोटो,
चहा मिळाला तर चहा,
उरलेला वेळ काहीही नाही.
काहीही नाही म्हणजे? मी विचारलं.
म्हणजे कोणीच विचारणार नाही, जेवायला काय केलं.

रजेच्या अर्जात एक रकाना असतो :
रजा कालावधीतील पत्ता.
मी तिथं चारही दिशा लिहिल्या, सुवाच्य अक्षरात.
मुख्यालय सोडण्यास परवानगी असावी, ही विनंती.

कॅलेंडरच्या वरच परिपत्रक चिकटवलेलं होतं.
झेंडावंदनास सर्व कर्मचाऱ्यांची उपस्थिती बंधनकारक.
ते मी पहिल्यापासून वाचत होते.
तीही.

पंधराला सकाळी आम्ही दुसऱ्या रांगेत,
मी पांढऱ्या साडीत, ती पांढऱ्या ओढणीत.
जिलेबीचा पुडा हातात आला तसं
तिनं घड्याळ बघितलं, कुजबुजली,
अब विमान में होना था.

शनिवारी नवव्या दिवशी नळ आला.
टाकी भरली, पिंप भरलं, भांडी, घागरी,
चिरंजीवांची पाण्याची बाटलीसुद्धा.
अंगणातली फरशी धुवायला उरलं तेवढं ओतलं
आणि तसंच थांबलं ते, उतार चुकलेला आहे तिथं,
घोट्याएवढं.
तिथले तीन म्हणजे आपले साडेपाच.
फोन वाजला.
पानी में पावां डाली क्या?

मी लिहिलं : लगतधारक हजर.

घरात कुणीतरी हाक मारली,
मी ओ दिली नाही.
पाण्यात एक मुंगी पोहत होती,
काठ शोधत.
तिला बोट दिलं.

साडेसातला परत तिचा :
जहाज गया.

धावायला पाहिजे होतं आम्ही.
मी पाय हलवले नाहीत.
तीही उठली नसावी.