डावं-उजवं

ओनोफ्रे बिडेगाइन आधी हाताने बघतो, मग चष्म्याने.
कार्मेलोच्या धक्क्यामागे त्याची पत्र्याची वखार,
भिंतीवर खिळ्यांना टांगलेले हात :
फोर्डचे, बेडफर्डचे, नाव पुसल्या गेलेल्या बसचे,
स्टिअरिंगच्या पेटीतून बाहेर येऊन
चाकाला वळ म्हणून सांगणारे.
बाजारात त्यांना पिटमन आर्म म्हणतात.
ओनोफ्रे नुसतं ‘हात’ म्हणतो
आणि मी वहीत तसंच लिहिते.

आधी रॉकेलने अंघोळ.
मग नखाने खाचा मोजायच्या.
त्यात एक दात मुद्दाम जाड ठेवलेला असतो कधी,
तो सापडेपर्यंत याच्या तोंडातून शब्द नाही.
भोक निमुळतं आहे का, असलं तर कुठल्या अंगाने.
ओतीव की घडीव, ते नाण्यासारखं वाजवून :
बीड ठप्प बोलतं, पोलाद रेंगाळतं.
नंबर अगदी शेवटी.
नंबर काय, कोणीही ठोकतो, तो म्हणतो,
झीज मात्र वापरून कमवावी लागते.

अठ्ठ्याऐंशीच्या जुलैत, ऐन थंडीत,
नुएवा हेल्वेसियाहून ग्लादिस झुर्ब्रिग आली
पिठाच्या पोत्यात गुंडाळलेला एक हात घेऊन.
सासऱ्याचा दुधाचा ट्रक. आता त्यात कोंबड्या बसतात.
नवऱ्याला तो पुन्हा रस्त्यावर आणायचाय.
तीन दुकानांनी तीन नावं सांगितली,
एकही बसत नाही.

ओनोफ्रेने यर्बाचा पेला बाजूला ठेवला.
खाचा मोजल्या. पुन्हा मोजल्या.
मी लिहिलं : ३६,
पाठीला पाठ लावून बसलेला आकडा.
भोकाशी छिन्नीची एक रेघ, कारखान्याची,
दांड्यावरच्या रेघेशी जुळवायची.
आणि बरोबर समोर दुसरी,
कानशीने घाईत ओढलेली, तिरकी.

“बाई, हा उजव्या हाताच्या गाडीचा.
आणि उलटा टांगलेला. खाली लोंबायचा तो
आभाळाकडे तोंड करून चाललाय, कित्येक वर्षं.”

पंचेचाळीसच्या सप्टेंबरात देशाने बाजू बदलली.
डावीकडून जाणारं सगळं उजवीकडून जाऊ लागलं,
घोडागाड्यांसकट.
ज्याला परवडलं त्याने नवी पेटी घेतली,
बरेचजण तसेच चालवत राहिले,
एखाद्याने रात्री कंदील लावून
उजवीकडची पेटी उचलून डावीकडे बसवली.
“आणि नुसतं एवढंच केलं,” ओनोफ्रेने हवेत चक्र फिरवलं,
“की उजवीकडे वळवावं तर ट्रक डावीकडे जातो.”

ग्लादिस जुन्या टायरवर बसली.
दूधघराची भिंत, ती म्हणाली.
सासऱ्याने पहाटे दूधघरात ट्रक घातला होता.
सहा कॅन. एक वासरू जायबंदी.
प्यायला होता, असं सासूने धरलं, मग गावाने.
या माणसाला डावं-उजवं कळत नाही, सासू म्हणायची,
पाहुण्यांसमोरसुद्धा.
चर्चमध्ये दानाची थाळी फिरवायचं काम होतं त्याच्याकडे,
तेही गेलं.

तो काहीच बोलला नाही? मी विचारलं.
बोलला की. यंत्राबद्दल बोलला.
दारुडेही यंत्राबद्दलच बोलतात.

म्हणजे आधी सरळ टांगला, भिंत पाडली,
मग दुसरी रेघ ओढून उलटा.
ओनोफ्रेचा अंगठा अजून त्या रेघेवर होता.
“कानस हललीय इथे. हात थरथरत होता त्याचा.”
“प्यायल्यामुळे?”
“ते लोखंडात उमटत नाही.”

पैसे घेतले नाहीत. अर्धं चीज घेतलं,
त्यातलंही निम्मं तिथेच कापून तिला खायला लावलं.
ती जाताना पोतं आधी विसरली,
मग परत येऊन घेऊन गेली.

वहीत रकाने तीन : गाडी, साल, बाजू.
मी ‘उजवी’ लिहिलं, खोडलं,
‘डावी’ लिहिलं, तेही खोडलं.
“उजवी, डावीकडे लावलेली, असं लिही,”
ओनोफ्रे पेल्यात पाणी ओतत म्हणाला,
“आणि रेघ किती तिरकी, तेही.”
असा रकाना नव्हता.
समासात लिहिलं.