अळीव

वसुबारसेच्या रात्री मस्कतला बाळ झालं.
आईचं तिकीट पुढच्या महिन्यातलं,
हा तीन आठवडे घाईत.

सासूबाईंनी मिरजेहून फोनवर बोटं मोजली :
सोयर आहे. दहा दिवस देवाला हात नाही,
लक्ष्मीपूजन नाही, ओवाळणं नाही,
फराळ शेजारून आला तर खा.
शाल्मली फोनच्या अगदी तोंडाशी जाऊन म्हणाली,
आजी, किल्ल्याला पण सोयर असतं का?
तिकडे जरा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
मग : अगं, किल्ल्याला कसलं आलंय सोयर!

म्हणून यंदाची आमची दिवाळी म्हणजे
वादी कबीरमध्ये, पार्किंगच्या मागे,
जनरेटरच्या खोलीशेजारी, चार बाय चार फूट.

वाळू काही उभी राहीना.
संध्याकाळी रचावं, सकाळी नुसता ढीग.
निनादने साइटवरून जिप्समची दोन पोती आणली,
तर किल्ला इस्पितळासारखा पांढरा झाला.
वॉचमन मुतालिब चितगावचा, लांबून बघत होता.
माटी चाहिए, म्हणाला. माटी.
आणि तो शब्द इतका घरचा वाटला
की मी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत
टाके विसरून हसले, आणि मग टाके आठवले.

माती आली बहलाहून.
खालच्या मजल्यावरच्या झुवैनाच्या मामाची तिथे भट्टी आहे,
रांजण करतात. पिकअपमधून सिमेंटच्या गोणीत भरून आली,
ओली, तांबूस, बोटांचे ठसे धरून ठेवणारी.
बुरूज गोल, जाडजूड झाले, वरच्या कंगोऱ्यांसकट.
आपल्या गडांना असे बुरूज नसतात, निनाद म्हणाला.
इथे असतात, शाल्मली म्हणाली, आणि मान वर करून
समोरच्या डोंगरावरचा दाखवला. खराखुरा.

महाराज कुरिअरमध्ये अडकलेले.
सिंहासन रिकामं ठेवलं.
मावळे म्हणून बुद्धिबळातली प्यादी,
दोन्ही रंगांची, एकाच बाजूची.

झुवैना मला बघायला आली ती स्टीलचा डबा घेऊन.
हब्ब रशाद, म्हणाली. झाकण काढलं तर
आत तपकिरी, निसरडे, बारीक दाणे.
अळीव.
मोडक्या हिंदीत, आणि बाकी कमरेवर हात ठेवून
तिने सांगितलं ते कशासाठी, किती दिवस.
मला माहीत होतं. तरी सगळं सांगू दिलं.
महिनाभर कुणी मला काही सांगितलंच नव्हतं
असं, शेजारी बसून.
ती ते अंड्यात घालते, आम्ही नारळात आणि गुळात.
भिजवल्यावर दोन्हीकडे सारखेच बुळबुळीत.

डब्यातली मूठ कमी झालेली मला रात्री कळली.
किल्ल्याच्या उतारावर, ओल्या कापडाखाली,
माझ्या पाठीची, माझ्या दुधाची मूठ
पेरून झाली होती.

लक्ष्मीपूजनाला समोरच्या सगळ्या गॅलऱ्या पेटल्या.
आमचीच काळी. बाळ रडलं, मी अंधारातच पाजलं.
खाली टॉर्चच्या उजेडात एक मुलगी
कपबशीतल्या पाण्याने डोंगर शिंपत होती,
आणि मुतालिब तिच्यावर ओरडत होता, इतना नहीं, बह जाएगा.

भाऊबीजेला ती धापा टाकत वर आली.
ओवाळायचं नाही, मी आधीच म्हटलं.
ओवाळत नाहीये.
मुठीत पाच-सहा हिरव्या काड्या होत्या,
मुळाला बहलाची माती.
त्यातली एक तिने त्याच्या हातात दिली.
पाच दिवसांची मूठ. मिटली.

सोडत नाहीये, आई.
नाही सोडणार.
तुझ्या वेळी माझं बोट असंच धरलं होतंस,
मिरजेला, आजी दार लोटून बाहेर बसली होती तेव्हा.
हे मी बोलले नाही. मी म्हटलं,
हात धुतलास का?

माती त्याच्या नखात गेली होती.
राहू दिली.