टिटवी

पाठारे साहेबांनी नाव ठेवलं तेव्हा
सेल्सवाले हसले. हे काय, कॉम्प्युटरचं नाव?
साहेब म्हणाले, टिटवीदेखील समुद्र आटविते.
आणि मरोळच्या गाळ्यात, डाय-कास्टिंगवाल्याच्या डोक्यावर,
आम्ही अकराजणी
समुद्र आटवायला बसलो.

माझं टेबल शेवटचं.
एकोणसाठ कळा. एकेक दाबायची,
पडद्यावर तेच अक्षर उमटलं का बघायचं,
मग खोक्यावर शिक्का.
दिवसातून चाळीसदा सगळी अक्षरं लिहिली मी,
शब्द एकही नाही.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीला रात्रपाळी लागली.
जिन्यावर खोकी, मोरीच्या दारात खोकी,
चेंबूरचा एक डॉक्टर रिक्षा थांबवून स्वतः वर आला,
मुलासाठी हवी म्हणाला, पैसे रोख.
खेळ नेव्हिल क्रियाडोने लिहिलेला:
एक टिटवी, चोचीत थेंब, खाली लाटाच लाटा.
कॅसेट लावली की सात मिनिटं नुसतं किर्र चिर्र,
आणि मग एकदम
निळा समुद्र.
साहेबांच्या टेबलावर तेव्हा दोन फोन होते.

खरा समुद्र न्हावाशेवाला उतरला,
कंटेनरांतून.
मनीष मार्केटात अर्ध्या किमतीला डबा,
एका पट्टीत शंभर खेळ,
कॅसेट नको, थांबणं नको.
साहेबांनीही घाईघाईने टिटवी ज्युनियर काढली.
तिची जॉयस्टिक तिसऱ्या दिवशी मान टाकायची.
परत आलेल्या प्रत्येक खोक्यावर
शिक्का माझा.

शेवटचे तीन पगार मशीनच्या रूपात मिळाले,
प्रत्येकीला चार.
रिक्षावाल्याने विचारलं, टीव्ही आहे का?
म्हटलं, पगार आहे.
साहेब गेटपाशी उभे. काय बोलावं कळेना,
तर त्यांनीच चौथं खोकं उचलून
माझ्या मांडीवर ठेवलं, सांभाळून,
काचेचं असावं तसं.

तीन लॅमिंग्टन रोडला गेली, वजनावर.
एक पलंगाखाली आहे.
आताच्या टीव्हीला तिच्या वायरीचं भोकच नाही.

परवा लेकीच्या लग्नाच्या कॅसेटींत
नेव्हिलची कॅसेट निघाली.
टेपरेकॉर्डरात घातली, तर किंचाळायला लागली.
जावई म्हणाले, खराब झालीय, टाकून द्या.
मी घड्याळाकडे बघत बसून राहिले.

सातव्या मिनिटाला आवाज थांबला.
इथे समुद्र यायचा.