शेंदेलोण

खेवड्याच्या खाणीत
अल्लादित्ता दिवा दगडामागे धरतो,
तेव्हा कुठे भिंत गुलाबी होते.
एरवी मळकट, शिळ्या मांसासारखी.

'चौऱ्याऐंशी खनिजं,' सफूरा डब्यावरचं वाचते,
'दमा जातो, झोप लागते.'
आजोबा हसायला जातो,
खोकतच राहतो.

अगं, शंभरातलं अठ्ठ्याण्णव नुसतं मीठच.
उरलंसुरलं म्हणजे
लोखंडाचा गंज, चिमूटभर माती.
त्या गंजाचाच हा रंग.
समुद्र इथे आटला
तेव्हा त्याला औषध म्हणायला
कुणी जन्मलंही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी त्याचं मीठ तोडलंय. रक्तदाब.
रात्री अळणी डाळ.
सफूरा पाठमोरी झाली
की तो अंगठा चाटतो,
चाळीस वर्षं धुऊनही
खारटच राहिलेला.